ओळ भरण्याच्या दोन रीती

मीरा-भाईंदरमधलं मोरवा ठाणे तालुक्यात येतं. इथल्या जमिनीच्या नोंदीही राज्यातल्या इतर गावांत असतात तशा गाव नमुन्यांतच. सातबारावर क्षेत्र, आकार, खातेदार यांना ठरलेले रकाने. आकडा कशाचा, ते तो कुठे बसलाय त्यावरून कळतं. फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना 6, वेगळी. तिथे तलाठी सरळ वाक्यात लिहितो: अमुक खातेदार मयत, वारस अमुक, नातं मुलगा. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की सातबारावर जुन्या नावाला कंस पडतो. हक्कनोंदीचं हे घराणं मुंबई इलाख्याच्या 1903 च्या कायद्यापर्यंत मागे जातं.

डेटाबेसमध्ये ओळ भरण्याच्याही याच दोन रीती आहेत. 1970 मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना दिली. 1974 मध्ये तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल ही भाषा मांडली. पुढे तीच एसक्यूएल झाली आणि 1986 मध्ये तिचं अमेरिकी प्रमाणक ठरलं. ओळ घालायची तिची रीत सातबाऱ्याची: ‘इन्सर्ट’ म्हणा, आधी रकान्यांची नावं, मग ‘व्हॅल्यूज’ म्हणून त्याच क्रमाने किमती.

नावं गाळलीत तरी चालतं, आणि धोका तिथेच आहे. क्षेत्र आणि आकार दोन्ही आकडेच. त्यांची अदलाबदल झाली तर डेटाबेस निमूटपणे स्वीकारतो आणि चूक कोणालाच कळत नाही. नावं दिली, तरी वीस रकाने असले की तेरावी किंमत कोणाची, हे बोटांवर मोजावं लागतं.

असलेली ओळ दुरुस्त करणाऱ्या ‘अपडेट’मध्ये मात्र पूर्वीपासून ‘सेट’ होतं: रकान्याचं नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. 1995 मध्ये आलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या घराण्यात तेच रूप ‘इन्सर्ट’लाही मिळालं. ‘इन्सर्ट इन्टू खातेदार सेट गाव = 'मोरवा', क्षेत्र = 0.40’ असं लिहिलं की प्रत्येक किंमत आपल्या नावाशेजारी बसते. हे फेरफाराच्या वाक्यासारखं वाचता येतं, आणि हाताने एकेक नोंद लिहिणाऱ्याला मी हेच सुचवेन.

पण त्याची मर्यादा मोठी आहे. ‘सेट’ने एका वेळी एकच ओळ जाते, शंभर ओळी एकदम भरायच्या तर ‘व्हॅल्यूज’च हवं. शिवाय हे प्रमाणकाबाहेरचं रूप आहे, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट हे डेटाबेस ते नाकारतात. डेटाबेस बदलायची शक्यता असेल तर रकान्यांची नावं लिहून ‘व्हॅल्यूज’ वापरावं.