वेब होस्टिंग सर्व्हर व कंट्रोल पॅनेल (भंडारा जिल्हा)

वेब होस्टिंग सर्व्हर व कंट्रोल पॅनेल : संकेतस्थळाच्या फायली, डेटाबेस आणि ईमेल साठवून मागणी येताच पुरवणारा, अखंड जोडलेला संगणक म्हणजे वेब होस्टिंग सर्व्हर. त्याचा कारभार ब्राउझरमधून चालवण्याची सोय म्हणजे कंट्रोल पॅनेल. डोमेन जोडणे, नवे खाते उघडणे, डेटाबेस तयार करणे, सुरक्षा प्रमाणपत्र बसवणे, बॅकअप घेणे ही कामे पॅनेलमधून होतात. या नोंदीत व्यवस्थापनाचा विचार केला आहे. संकेतस्थळाची रचना व सजावट वगळली आहे.

पार्श्वभूमी : १९९६ मध्ये सीपॅनेल आणि १९९७ मध्ये जेमी कॅमेरॉन यांचे वेबमिन आले. पुढे प्लेस्क, डायरेक्टॲडमिन, आयएसपीकॉन्फिग, हेस्टिया, सायबरपॅनेल, एएपॅनेल अशी अनेक पॅनेले प्रचारात आली. सीपॅनेलने २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येवर शुल्क आकारण्यास सुरुवात केली आणि तेव्हापासून लहान होस्टिंग व्यावसायिकांत मोफत पॅनेलांचा विचार वाढला. मोफत पॅनेल शेवटी स्वस्त पडते की नाही, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत.

भंडारा जिल्ह्यातील शासकीय व्यवस्था : भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या ७ तालुक्यांच्या जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ गव्ह डॉट इन या शासकीय डोमेनखाली आहे. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (स्थापना १९७६) एसथ्रीवास या सामायिक चौकटीवर उभारलेले आहे. सुरक्षित, गरजेनुसार वाढवता येणारी आणि सर्वांना सुगम्य अशी संकेतस्थळे शासकीय कार्यालयांना तयार चौकटीत पुरवणे, हा या चौकटीचा उद्देश. देशातील इतर जिल्ह्यांची संकेतस्थळेही याच पद्धतीने चालतात. गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्याचे संकेतस्थळही याच चौकटीत आहे.

या रचनेचे खरे महत्त्व जबाबदारीच्या वाटणीत आहे. मजकुराची मालकी व जबाबदारी जिल्हा प्रशासनाची. चौकट विकसित करणे, सर्व्हर चालवणे, त्याची दुरुस्ती व संरक्षण हे काम सूचना विज्ञान केंद्राचे. जिल्हा कार्यालयाला मिळणाऱ्या पॅनेलमधून पाने लिहिता येतात, सूचना चढवता येतात, छायाचित्रे बदलता येतात. सर्व्हरच्या कार्यप्रणालीला हात लावता येत नाही. काही तंत्रज्ञ ही मर्यादा अडचणीची मानतात. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र हेच तिचे सर्वांत मोठे बळ आहे : मजकूर चढवणाऱ्या व्यक्तीच्या चुकीमुळे एखादे पान बिघडेल, अख्खा सर्व्हर बंद पडणार नाही.

भरती, निविदा व घोषणा या विभागांत प्रत्येक सूचनेला शीर्षक, वर्णन, प्रारंभ तारीख, शेवटची तारीख आणि संचिका अशी घरे असतात. मुदत संपलेल्या सूचना संग्रहात जातात, पुसल्या जात नाहीत. निविदेची जुनी जाहिरात दोन वर्षांनी शोधणाऱ्या कंत्राटदाराला किंवा माहितीचा अधिकार वापरणाऱ्या नागरिकाला याचा थेट उपयोग होतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने ठरावीक माहिती आपणहून प्रसिद्ध करावयाची असते आणि त्यासाठी संकेतस्थळ हे सर्वांत सोयीचे साधन आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये निघाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे.

सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय डेटा केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. मेघराज या शासकीय क्लाउडचा प्रारंभ २०१४ चा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराचे पाणी भंडारा शहरात शिरले होते. अशा आपत्तीत दूरच्या डेटा केंद्रातील सर्व्हरला धोका पोहोचत नाही. मात्र पुराची सूचना चढवणाऱ्या कर्मचाऱ्याची वीज व जोडणी जिल्ह्यातच असते, म्हणून पॅनेल मोबाइलवरून वापरता येणे आणि किमान दोघांना प्रवेशाधिकार असणे आवश्यक ठरते.

महाविद्यालये : नॅकच्या मूल्यांकनासाठी स्वयंअध्ययन अहवाल व वार्षिक गुणवत्ता अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. त्यामुळे तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांनाही होस्टिंगची गरज पडते.

खासगी व्यवसाय : हे मुख्यतः सामायिक होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे ठेवण्याची सोय, वापरतात.

स्वतंत्र सर्व्हरची उभारणी : पॅनेल नेहमी नव्याने बसवलेल्या, कोऱ्या लिनक्सवर बसवतात, आधीपासून वेब सर्व्हर चालू असलेल्या यंत्रावर ते बसवल्यास जुन्या व नव्या मांडणीची टक्कर होते. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, म्हणून आता अल्मालिनक्स, रॉकी, उबुंटू किंवा डेबियन निवडतात. स्थिर आयपी पत्ता घ्यावा, सर्व्हरला पूर्ण नाव द्यावे आणि त्या नावाची डीएनएस नोंद आधीच करून ठेवावी. ईमेल त्याच सर्व्हरवरून पाठवायचा असेल तर प्रेषकाची ओळख पटवणाऱ्या उलटी डीएनएस नोंद, एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या चारही गोष्टी लागतात; त्या नसतील तर पत्रे स्पॅममध्ये जातात. लहान संस्थेने ईमेल वेगळ्या सेवेकडे सोपवणे श्रेयस्कर. सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळते. त्याची मुदत मोजक्या आठवड्यांची असल्याने नूतनीकरण पॅनेलकडून आपोआप होते आहे ना, हे पाहावे लागते.

पॅनेलचे दार ठरावीक पोर्टवर उघडते (वेबमिन १००००, प्लेस्क ८४४३, सायबरपॅनेल ८०९०) आणि ते जगभर उघडे ठेवणे ही सर्वांत घातक सवय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेलमधील त्रुटीचा फायदा घेऊन खंडणीखोरांनी हजारो सर्व्हरांवरील फायली कुलूपबंद केल्या. इंटरनेटवरून दिसणारे असे असुरक्षित सर्व्हर सुमारे २२ हजार होते. फायरवॉलमध्ये हे पोर्ट केवळ ठरावीक पत्त्यांना खुले ठेवावे, द्विस्तरीय पडताळणी लावावी आणि अद्ययावतीकरण लांबवू नये.

मराठी मजकूर : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक वर्ण किंवा स्वरचिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे ‘भंडारा’ हा ६ चिन्हांचा शब्द १८ बाइटचा होतो. जुन्या डेटाबेसची वर्णमांडणी लॅटिन असेल तर सर्व्हर बदलताना मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि एकदा तशी प्रत साठवली गेली की मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. मायएसक्यूएल ८.० पासून (२०१८) यूटीएफ८एमबी४ ही मांडणी मूळचीच असते. त्याआधीच्या डेटाबेसची मांडणी स्थलांतरापूर्वी तपासणे अत्यावश्यक आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या जुन्या परिपत्रकांचा प्रश्न मात्र सर्व्हर सोडवू शकत नाही. ती रूपांतरित करूनच चढवावी लागतात. देवनागरीतील डॉट भारत हे डोमेन २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. बहुतेक पॅनेलांत ते पुनीकोड या रोमन रूपात नोंदवावे लागते.

बॅकअप : त्याच सर्व्हरवर ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे. रोजची प्रत दुसऱ्या यंत्रावर, आठवड्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी, आणि ठरावीक काळाने एक प्रत प्रत्यक्ष उभी करून पाहणे, हा क्रम कोणत्याही पॅनेलला लागू आहे. पॅनेल बॅकअप यशस्वी झाल्याची हिरवी खूण दाखवते. त्या प्रतीतून संकेतस्थळ पुन्हा उभे राहील याची खात्री ती खूण देत नाही.

कायदेशीर बंधने : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०ख खाली सर्ट-इन या शासकीय सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, सर्व यंत्रणांच्या नोंदवह्या (लॉग) १८० दिवस जपाव्या लागतात आणि सर्व्हरचे घड्याळ राष्ट्रीय वेळेशी जुळवावे लागते. आभासी सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, दिलेले आयपी पत्ते व वापराचा हेतू ही माहिती सेवा संपल्यानंतरही ५ वर्षे जपायची असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती. अनेक पॅनेलांत लॉग काही आठवड्यांतच पुसले जातात. ती मांडणी हाताने बदलावी लागते.

हस्तांतरण : पॅनेल हाताळणारी व्यक्ती बदलली की डोमेन नोंदणीचे खाते, डीएनएसचे खाते, सर्व्हरचा मूळ परवलीचा शब्द, पॅनेलचा प्रवेश, बॅकअपची जागा आणि नूतनीकरणाच्या तारखा या गोष्टी लेखी सोपवाव्यात. डोमेन संस्थेच्या नावावर व संस्थेच्याच ईमेलवर नोंदवलेले असावे. ते संकेतस्थळ करून देणाऱ्या व्यावसायिकाच्या नावावर राहिले, तर होस्टिंग बदलताना संस्थेला आपल्याच नावासाठी त्याची मनधरणी करावी लागते.