काडीपेटीचा छाप: आपलं गावठी ट्रेडिंग कार्ड

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत एका जुन्या कार्डाचा लिलाव झाला. मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं, टॉप्स कंपनीचं, १९५२ सालचं कार्ड. किंमत आली १ कोटी २६ लाख डॉलर! मुळात ही कार्डं बबलगमसोबत मिळायची, अगदी चिल्लर पैशांत. आणि गंमत बघा, त्याच मालिकेची न खपलेली खोकी कंपनीने १९६० मध्ये समुद्रात नेऊन बुडवली. फार कुणी जपलं नाही, म्हणून उरलेलं महागलं.

आपल्याकडे बबलगममध्ये क्रिकेटपटू आले ते बरंच नंतर. त्याआधी गावाकडच्या पोरांचं कार्ड म्हणजे काडीपेटीचा छाप. पेटी संपली की वरचं चित्र सोडवायचं. रिंगणात छाप मांडायचे, लांबून चपटा दगड मारायचा, रेषेबाहेर गेला तो छाप आपला. रोज दुकानात दिसणाऱ्या छापाला किंमत कमी. परगावच्या पाहुण्याच्या खिशातून आलेला छाप म्हणजे राजा! 'रेअर' हा शब्द माहीत नव्हता, पण हिशेब तोच.

या चिटोऱ्यात इतिहासही आहे बरं का. शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याकडच्या बहुतेक काडीपेट्या बाहेरून यायच्या: स्वीडन, ऑस्ट्रिया, जपान. माल खपावा म्हणून त्या लोकांनी छापावर आपलेच देव छापले. १९२२ मध्ये इंग्रज सरकारने आयातीवर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया जकात बसवली. मग स्वीडनच्या कंपनीने १९२३ मध्ये इथेच विमको काढली. तिचा कारखाना आपल्या अंबरनाथला. त्याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर कलकत्त्याला जाऊन हे काम शिकून आले. पुढे तिकडे छोटे छोटे कारखाने वाढले. जितके कारखाने, तितके छाप.

आता आपल्या नरसी नामदेवचं बघू. ९ नोव्हेंबर १९७० ला नामदेव महाराजांच्या सातशेव्या जयंतीनिमित्त २० पैशांचं टपाल तिकीट निघालं. तेव्हा नरसी परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्या तिकिटाची तारीख, किंमत, सगळं कॅटलॉगमध्ये सापडतं. पण त्याच वर्षी नरसीतल्या घरात चूल कोणत्या छापाच्या काडीने पेटायची? याची नोंद कोण ठेवणार? सरकारी कागद जपायला माणसं असतात. पोरांच्या खिशातला कागद पोरांसोबतच जातो.

आणि तो जातोय. लाकडी पेटीवर छाप चिकटवलेला असायचा. पुठ्ठ्याची पेटी आली आणि चित्र थेट पेटीवरच छापलं जाऊ लागलं. डिसेंबर २०२१ मध्ये पेटी एक रुपयाची दोन रुपयांना झाली, तेवढ्यापुरती बातमी आली. आता तर लायटरच.

म्हणून एक काम करा. दिवाळीला गावी जाल तेव्हा जुनी ट्रंक, देवघराचा कोनाडा बघा. छाप सापडला तर लॅमिनेशन नको, साध्या कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर पेन्सिलने गाव, घर आणि अंदाजे साल लिहा. मग आजोबांना विचारा. फोटो तर तुम्ही मोबाईलवर काढालच. पण तो छाप कुणाकडून जिंकला होता, हे आजोबाच सांगू शकतील, आणि तेही आत्ताच.