कोथळी (बंजारा भरतकामाची पिशवी)

कोथळी : बंजारा (लमाण) स्त्रिया हाताने भरून शिवतात ती चौकोनी पिशवी. नांदेड जिल्ह्यातील किनवट, माहूर, मुखेड आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, जळकोट या तालुक्यांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहणारा हा समाज एकोणिसाव्या शतकात रेल्वे आल्यावर हळूहळू स्थिरावला. सुईची विद्या मात्र आईकडून लेकीकडे येत राहिली.

कापडावर नक्षी छापत किंवा रेखत नाहीत. जाड सुती कापडाचे उभे-आडवे धागे मोजून टाका घालतात. ही मोजणीच आराखड्याचे काम करते. त्यामुळे चौकोन, त्रिकोण, शंकरपाळी असे भौमितिक आकार सहज साधतात. एका बाजूला जितके धागे सोडले तितकेच समोर सोडले की नक्षी जुळते. फुलीचा टाका व धावदोरा नेहमीचे. रंग मुख्यतः लाल, निळा, पिवळा.

भरलेल्या चौरसाला अस्तर लावून तीन कोपरे मध्यावर दुमडतात व कडा शिवतात. चौथा कोपरा झाकण होतो. शेवटी कवड्या, आरसे व गोंडे लावतात. लग्नात मुलीला अशी पिशवी देण्याची रीत आहे. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी (बंजारा) भरतकामाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. मराठवाड्यातील तांड्यांची ही कलाही तितक्याच आस्थेने जपण्याजोगी आहे.