सुपरमॅन कुणाच्या मालकीचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी किमान वेतनावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘सुपरमॅनवर बोलतो’ असे मी म्हणालो आणि चिटणीस क्षणभर माझ्याकडे पाहातच राहिले. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी संपले. इंग्रजी मी शिकलो ते कामगार न्यायालयांचे निकाल शब्दकोश उशाशी ठेवून वाचता वाचता. तेव्हा या विषयावर बोलण्याचा याला अधिकार तो काय, असे कुणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. पण हा विषय माझ्याकडे आला तो युनियनच्या कचेरीतूनच.

२०२५च्या जुलैत सुपरमॅनचा नवा चित्रपट आला. त्याच सुमारास दोन कंत्राटी पोरे ओव्हरटाइमच्या तक्रारीचा अर्ज घेऊन आली होती. अर्ज टेबलावर तसाच पडून राहिला आणि दोघे चित्रपटावरून हातघाईवर आले. एकाच्या मते हा नवा, दयाळू, माणसांत मिसळणारा सुपरमॅन खरा. दुसऱ्याच्या मते २०१३चा, गंभीर चेहऱ्याचा तोच खरा, बाकी सगळे नकली. मी विचारले, ‘अरे, खरा म्हणजे कुणी ठरवलेला?’ ‘काका, ज्याने पहिल्यांदा काढला त्याने!’ ‘मग त्याचे नाव काय?’ दोघेही गप्प. खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते. म्हणून वाचू लागलो, आणि वाचता वाचता असे दिसले की ही हकीकत आपल्याच खात्यातली आहे.

अमेरिकेत क्लीव्हलँड या कारखान्यांच्या शहरात जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन मुलांनी सुपरमॅन निर्माण केला. दोघांचीही कुटुंबे युरोपातून पोटासाठी आलेली ज्यू कुटुंबे. शूस्टरचे वडील शिंपीकाम करीत. सीगल लिहीत असे, शूस्टर चित्रे काढीत असे. कित्येक वर्षे कुणी त्यांना दारात उभे केले नाही. अखेर १९३८च्या मार्चमध्ये एका प्रकाशकाने ती १३ पानांची कथा घेतली, पानामागे १० डॉलर या दराने. एकूण १३० डॉलर. आपल्या भाषेत हे उक्ते काम झाले. पैसे घेताना त्यांनी ज्या कागदावर सही केली त्यात पानांबरोबर सुपरमॅनही गेला, कायमचा. जूनच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो प्रसिद्ध झाला. अंकाची किंमत १० सेंट होती. त्याच अंकाची एक जुनी प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरना विकली गेली.

त्या वेळचा सुपरमॅन कसा होता, हे आजच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. तो उडत नसे, लांब उड्या मारी. परग्रहावरच्या राक्षसांशी त्याचे भांडण नव्हते. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तो धरून भिंतीवर आपटतो. लोकप्रतिनिधीला गुपचूप वश करणाऱ्या दलालाच्या मानगुटीला बसतो. आणि तिसऱ्या अंकातली गोष्ट तर मी गेटमीटिंगमध्ये सांगितलेली आहे. एका खाणीत एक मजूर सापडतो. सुपरमॅन खाणकामगाराचा वेष करून आत शिरतो, त्याला सोडवतो आणि पाहतो तो काय, सुरक्षेची साधने कुचकामी. मालकाला त्याची पर्वा नाही. मालकाकडे रात्री मेजवानी चाललेली असते. गंमत म्हणून मंडळी नटूनथटून खाण पाहायला उतरतात. वेष पालटलेला सुपरमॅन मागची वाट ढासळवून देतो आणि त्या रेशमी कपड्यांतल्या माणसांच्या हातात फावडी येतात. धोक्याची घंटा वाजवावी तर तीही बंद! दम लागेस्तोवर खणून झाल्यावर मालकाला अक्कल येते आणि आपली खाण देशात सर्वांत सुरक्षित करीन असे तो कबूल करतो. हे १९३८ साल. मंदीने माणसे रस्त्यावर आलेली होती, आणि हे लिहिणारी पोरे त्याच रस्त्यावरची होती.

मग हा सुपरमॅन बदलला कधी? चित्रपटांनी बदलला असे पुष्कळ जण म्हणतात. मौज अशी की चित्रपटांच्या आधी रेडिओने तो बदलला. १९४० साली श्रुतिका सुरू झाली. संपादक पेरी व्हाइट आणि पोरगेला जिमी ऑल्सन यांना नावे मिळाली ती रेडिओवर. त्याची शक्ती हरण करणारा क्रिप्टोनाइट दगडही १९४३ साली रेडिओवरच पहिल्यांदा आला. कॉमिक्समध्ये तो पोचला १९४९ साली. १९४१च्या व्यंगपटात नुसत्या उड्या हास्यास्पद दिसतात म्हणून चित्रकारांनी त्याला उडवले. म्हणजे आज ज्या गोष्टी बदलल्या तर चाहते चवताळून उठतील, त्यांतल्या निम्म्या मूळ कथेत नव्हत्याच! १९४६च्या रेडिओमालिकेत त्याने गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या कू क्लक्स क्लॅनसारख्या गुप्त टोळीशी सामना केला. हा बदल मात्र मूळ पिंडाशी इमान राखणारा होता. बदल झाला एवढ्याने दोष लागत नाही. आपला कीर्तनकारसुद्धा आख्यान गावोगाव थोडेफार पालटूनच सांगतो.

परंतु कीर्तनकाराचे आख्यान कुणी १३० डॉलरना विकत घेतलेले नसते. सीगल आणि शूस्टर १९४७ साली न्यायालयात गेले. तडजोडीत थोडी रक्कम मिळाली, पण हक्क गेले आणि अंकांवरची नावेही गेली. पुढे सीगलने त्याच कंपनीसाठी निनावी कथा लिहिल्या. विचार करा: स्वतःच्या पोराच्या घरी बापाने नाव लपवून चाकरी करायची! १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी वार्ता आली तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करीत होता, शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगलने वृत्तपत्रांना एक लांबलचक पत्रक पाठवले आणि त्यात त्या चित्रपटाला चक्क शाप दिला.

शापाने काही होत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. झाले ते एकजुटीने. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार पुढे झाले, व्यंगचित्रकारांची संस्था पाठीशी उभी राहिली, वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून बोभाटा झाला. नाताळच्या तोंडावर, चित्रपट यायचा असताना, ही बेअब्रू कंपनीला परवडणारी नव्हती. डिसेंबर १९७५मध्ये करार झाला: प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर, औषधोपचाराची सोय, आणि नाव. १९७८च्या चित्रपटात पडद्यावर दोघांची नावे झळकली. त्याच चित्रपटात मार्लन ब्रँडोला थोड्या दिवसांच्या कामाचे सुमारे ३७ लाख डॉलर मिळाले, हेही सांगून ठेवतो. हिशेब ज्याचा त्याने करावा.

तो चित्रपट मी मोठेपणी पाहिला. ख्रिस्तोफर रीव्हचा तो साधा हसरा चेहरा मलाही आवडला. छातीवरचे चिन्ह हे घराण्याचे निशाण, ही कल्पना त्या चित्रपटाची. पुढे कॉमिक्सनेही ती उचलली. पण खाणमालकाला फावडे धरायला लावणारा सुपरमॅन त्यात नाही. शत्रू आहे तो एकटा एक विक्षिप्त जमीनबहाद्दर. त्याला तुरुंगात टाकला की व्यवस्था पुन्हा निर्दोष! माझी तक्रार आहे ती एवढीच. आणि हा बदल चित्रपटाने केला असेही नाही. युद्धाच्या काळापासूनच प्रकाशकांनी त्या पोराची धार बोथट करीत आणली होती. चित्रपटाला मिळाला तो आधीच सभ्य झालेला सुपरमॅन.

आता चाहत्यांविषयी. १९८८ साली बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकेल कीटन या विनोदी नटाची निवड झाली तेव्हा सुमारे ५०,००० निषेधाची पत्रे कंपनीकडे गेल्याचे सांगतात. पुढच्या वर्षी चित्रपट आला आणि त्याच मंडळींनी त्याला डोक्यावर घेतले. २०१३च्या चित्रपटात सुपरमॅन शत्रूची, झॉडची, मान मोडतो. ‘सुपरमॅन जीव घेत नाही’ म्हणून केवढा गहजब उडाला! मार्क वेड यांच्यासारख्या नाणावलेल्या कॉमिक्स लेखकानेही जाहीर नापसंती दाखवली. परंतु १९८८च्या कॉमिक्समध्ये याच सुपरमॅनने झॉडसह तिघांना क्रिप्टोनाइटने मृत्युदंड दिलेला आहे, आणि १९८०च्या चित्रपटात शक्तिहीन झालेल्या झॉडला तो बर्फाच्या दरीत लोटतो तेव्हा प्रेक्षक टाळ्या पिटतात. माणसाला आपल्या लहानपणी भेटलेला तोच खरा वाटतो. २०२५च्या चित्रपटाचे दिग्दर्शक जेम्स गन ‘ही स्थलांतरिताची गोष्ट आहे’ असे म्हणाले, तर त्यावरही तिकडे कावकाव झाली. परग्रहावरून आलेले पोर आणि ते घडवणारी निर्वासितांच्या वस्तीतली मुले, यांची गोष्ट आणखी कशाची असणार? (आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळाने त्यातले चुंबन कापले, त्याची ओरड निराळी.)

मी चाहत्यांना हसत नाही. ‘हे आमचे आहे’ असे ठणकावून म्हणणारी माणसे जमवायला आम्हांला किती जोडे झिजवावे लागतात! २०१७च्या ‘जस्टिस लीग’ चित्रपटाचे काम झॅक स्नायडर यांना मुलीच्या मृत्यूनंतर अर्ध्यावर सोडावे लागले. त्यांची मूळ आवृत्ती दाखवा म्हणून चाहत्यांनी चळवळ केली, फलक लावले, आत्महत्या रोखणाऱ्या संस्थेसाठी मोठा निधी उभारला. त्यांतल्या काहींनी विरोधकांना अर्वाच्य शिव्या दिल्या, हेही खरे. अखेर २०२१ साली चार तासांची ती आवृत्ती आली. एवढी शक्ती! पण ती दिग्दर्शकाच्या आवृत्तीसाठी. बॅटमॅनचे काय? त्याला रूप देणारा बिल फिंगर १९७४ साली वारला. सर्व श्रेय बॉब केन याच्या एकट्याच्या करारात अडकलेले होते. साठीच्या दशकात फिंगरसह काही लेखकांनी कंपनीकडे विमा आणि वाढीव दर मागितला. त्यांतल्या बहुतेकांची कामे लवकरच आटली. हे वाचताना मला आमच्या गेटाबाहेर बसलेली कितीतरी माणसे आठवली. फिंगरचे नाव लागले ते २०१५ साली, त्याच्या नातीने आणि एका चिकाटीच्या चरित्रकाराने पाठपुरावा केल्यावर. तेही चाहतेच होते.

आणि आता माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट. एड ब्रुबेकर या लेखकाने २००५ साली चित्रकार स्टीव्ह एप्टिंगबरोबर ‘विंटर सोल्जर’ ही व्यक्तिरेखा घडवली, म्हणजे कॅप्टन अमेरिकाचा मेलेला समजला गेलेला सोबती नव्या रूपात जिवंत केला. २०१४ साली त्यावर चित्रपट निघाला आणि अफाट चालला. कौतुक म्हणून ब्रुबेकरला त्यात क्षणभराची भूमिका दिली. नट म्हणून नोंद झाल्यामुळे नटांच्या युनियनच्या करारानुसार त्याला पुनःप्रदर्शनाचा मोबदला येऊ लागला. आणि पुढे त्यानेच सांगितले की, ही व्यक्तिरेखा निर्माण केल्याबद्दल जे मिळाले त्याहून या क्षणभराच्या भूमिकेचे पैसे जास्त झाले! नटांनी १९६० साली संप करून तो हक्क मिळवला होता; संपाचे पुढारी होते रोनाल्ड रेगन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष होऊन कामगारांच्या मुळावर आले. कॉमिक्सच्या लेखक-चित्रकारांनी १९७८ साली आपली संघटना बांधण्याचा प्रयत्न केला होता, तो टिकला नाही.

ही गोष्ट मी त्या दोन पोरांना सांगितली. ओव्हरटाइमचा अर्ज पुरा केला, दोघांच्या पावत्या फाडल्या, आणि रविवारी त्यांच्याबरोबर तो नवा चित्रपट पाहिला. चित्रपट संपल्यावर लोक उठू लागले. आम्ही तिघे बसून राहिलो. मागे झाडूवाला खोळंबला होता, त्याची मी क्षमा मागितली. पडद्यावर नावे येत होती. सीगल आणि शूस्टर यांची आली आणि खाली एक ओळ, जेरी सीगलच्या कुटुंबीयांशी झालेल्या विशेष व्यवस्थेनुसार. धाकट्याने ती मोठ्याने वाचली आणि मला विचारले, ‘काका, म्हणजे करार अजून चालू आहे?’

‘चालू आहे,’ मी म्हणालो.