वादळाच्या रेषेला रंग कसा आला?

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठले की बातम्यांत एक नकाशा येतो. त्यावरील वाकडी रेषा रंग बदलत किनाऱ्याकडे जाते. वादळ कोठे होते हे रेषा सांगते. तेथे ते किती प्रबळ होते हे तिचा रंग सांगतो.

या रेषेचा इतिहास हुगळीच्या काठी सुरू होतो. ‘सायक्लोन’ हा शब्द कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये रूढ केला. त्यानंतर ५ ऑक्टोबर १८६४ रोजी आलेल्या वादळाची लाट हुगळीच्या मुखातून आत घुसली. दोन्ही काठ बुडाले आणि सुमारे ६० हजार माणसे मृत्युमुखी पडली. गॅस्ट्रेल व ब्लॅनफर्ड यांनी जहाजांच्या रोजनिशा आणि वायुभाराच्या नोंदी जुळवून या वादळाचा अहवाल सिद्ध केला. पुढे १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभाग स्थापन झाला, तेव्हा त्याची धुरा ब्लॅनफर्ड यांच्याकडेच आली.

विभागाच्या छापील मार्गसंग्रहांत रंग नव्हता. कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला की ठिपक्यांची रेषा, चक्रीवादळ झाले की तुटक रेषा आणि तीव्र चक्रीवादळ झाले की अखंड रेषा, अशी खूण असे. २००८ मध्ये हा संग्रह संगणकावर आला आणि खुणेची जागा रंगाने घेतली.

रंग भरण्याची रीत सोपी आहे. वादळाचे स्थान व वाऱ्याचा वेग ठराविक तासांनी नोंदवलेला असतो. लगतच्या दोन नोंदी जोडणारा प्रत्येक तुकडा ही स्वतंत्र रेषा मानायची आणि तेथील वेग ज्या श्रेणीत बसेल, त्या श्रेणीचा रंग तिला द्यायचा. ताशी ११७ किलोमीटरपर्यंत ‘तीव्र’, ११८ पासून ‘अतितीव्र’. निसर्गात अशी कडा नसते. ती आपण आखलेली असते.

आता बजबज पाहा. कोलकात्याच्या खाली, हुगळीच्या पूर्व काठावरचे हे गाव दक्षिण चोवीस परगण्यात येते. १८ मे २०२० रोजी ‘अम्फान’ महाचक्रीवादळाच्या श्रेणीत होते. २० मे रोजी सुंदरबनात ते किनाऱ्यावर आले तेव्हा वेग ताशी १५५ ते १६५ किलोमीटरवर उतरला होता. म्हणजे रंग दोन पायऱ्या खाली. तरीही या जिल्ह्याने भयंकर हानी सोसली. दोनच आठवड्यांनी, ३ जूनला, ‘निसर्ग’ अलिबागजवळ धडकले. त्याचा रंग आणखी एक पायरी खाली होता. पण श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या.

नकाशा चुकीचा नव्हता. रंग केवळ केंद्राजवळच्या कमाल वाऱ्याचा होता. वादळाचा घेर, उधाणाची उंची, पाऊस आणि घरांची मजबुती त्यात नव्हती. १८६४ मध्ये सर्वाधिक बळी तर पाण्यानेच घेतले होते.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आलेखावरील रेषेला रंग देण्यापूर्वी तो कोणत्या राशीचा आहे हे ठरवा आणि सूचीत स्पष्ट लिहा. रंग उतरलेला पाहून नदीकाठचा माणूस घरातच थांबला, तर तो रंग वाऱ्याचा होता, पाण्याचा नव्हे, हे त्याला वेळेत कळायला हवे.