पहिली गाडी कोणती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसरा जवळ आला, की वसई-विरारमधल्या दुचाकीच्या दुकानांसमोर मंडप पडतात. पाडव्याला आणि ईदच्या आधीही तीच गर्दी. नव्या गाडीच्या हँडलला हार, शेजारी पेढ्यांचा पुडा. गाडी नेणारा बहुधा पंचविशीच्या आतला असतो आणि त्याच्याबरोबर सल्ला देणारे चार-पाच मित्र असतात. एक म्हणतो, अॅव्हरेज बघ. दुसरा म्हणतो, पिकअप बघ. तिसऱ्याला लूक हवा असतो. ज्याला उद्या सकाळी ती चालवत कामावर जायचे आहे, तो मात्र गप्प. आजचे बोलणे त्या गप्प मुलासाठी आहे. पण सल्ल्याच्या आधी एक सांगायला हवे, की ‘कोणती गाडी घेऊ?’ हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. याच्या आजोबांना तो कधी पडलाच नव्हता.

आजोबांच्या काळी गाडी निवडायची नसे, तिच्यासाठी नंबर लावायचा असे. बजाज समूहाने स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ पासून, इटलीच्या व्हेस्पा स्कूटर आयात करायला सुरुवात केली. पन्नाशीच्या दशकात भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीत लॅम्ब्रेटा जुळवली जाऊ लागली. पुढे बजाजला पियाजिओशी करार करून देशातच स्कूटर बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. मोटरसायकलीही होत्या. मद्रासला १९५५ पासून एनफिल्डची बुलेट तयार होत होती, म्हैसूरला १९६१ पासून जावा. शिवाय एस्कॉर्ट्सची राजदूत होती. पण एका कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या, हे सरकारी परवाना ठरवी. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवता येत नसे. साहजिकच रांग लागली. आगाऊ पैसे भरून माणसे वर्षानुवर्षे थांबत. काहींना तर दहा-दहा वर्षे थांबावे लागले. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून आखातात नोकरीला गेलेल्या भावाची आठवण हमखास येई. ज्याचा नंबर लागे, तो कधी कधी वर ‘ऑन’ घेऊन गाडी दुसऱ्याला देऊन टाकी. अशा दिवसांत रंगसुद्धा विचारायची सोय नव्हती. मिळाली ती आपली.

पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच बांध्याची स्कूटर महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन आली. चेतक. तिने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा संसार ओढला, हे म्हणणे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. पुढे उभा मुलगा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी, पायाशी भाजीची पिशवी. साडी नेसलेल्या बाईला बसता येईल, धोतर-पायजमा साखळीत अडकणार नाही, पावसात चिखल अंगावर कमी येईल, असा तिचा बांधा होता. मागे स्टेपनी असे, म्हणून पंक्चरची भीती नव्हती. सुरू होईना, तर माणसे तिला एका अंगाला कलंडवत आणि मग किक मारत. तिची दुखणीही घरातल्या माणसासारखी सगळ्यांना ठाऊक होती. इंजिन उजव्या बाजूला असल्याने तोल जरा त्या अंगाला झुके. चाके लहान असल्याने खड्डा आला की हादरा थेट मणक्यात जाई.

त्याच १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना आणली. पन्नास सीसीचे इंजिन आणि सायकलीसारखे पायडल. पेट्रोल संपले तर पाय मारत घरी यावे. ज्याला स्कूटर परवडत नव्हती अशा शिक्षकाला, कारकुनाला, दूधवाल्याला ती परवडली आणि ज्या बाईला गिअर-क्लचचे ओझे वाटे तिलाही ती जमली. चेतक आणि लूना या दोन्ही गाड्या टिकल्या, याचे कारण त्या फार वेगवान होत्या असे नाही. त्या ज्या रस्त्यावर आणि ज्या घरात गेल्या, त्या रस्त्याला आणि त्या घराला त्या जुळल्या. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येईल.

खरी निवड आली ती १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत. सरकारने परदेशी कंपन्यांबरोबरच्या भागीदारीला वाट दिली आणि एकापाठोपाठ एक शंभर सीसीच्या जपानी धाटणीच्या मोटरसायकली आल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, कावासाकी बजाजची केबी १००. वजनाला हलक्या, एका किकमध्ये सुरू होणाऱ्या. तोवर फटफटी म्हणजे दणकट माणसाने चालवायची वस्तू होती. आता ती कुणीही चालवावी अशी झाली. या चौघींतली सीडी १०० तेवढी फोर-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोक इंजिनात आत येणारे ताजे मिश्रण आणि बाहेर जाणारा धूर यांची वाट एकमेकांत मिसळते, त्यामुळे थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते. फोर-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर सोडणे ही चार कामे वेगवेगळ्या फेऱ्यांत होतात, म्हणून वाया कमी जाते. लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा ऐकून पगारदार माणसाने हिशेब मांडला आणि अॅव्हरेज हा शब्द मराठी घराघरांत शिरला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटरसायकलींची विक्री स्कूटरच्या पुढे गेली.

मग २००१ च्या अखेरीस बजाजचीच पल्सर आली आणि हवा पुन्हा बदलली. आता तरुणाला अॅव्हरेजबरोबर रुबाब हवा होता. चेतकच्या घरातला मुलगा पल्सरवर बसला. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणेच थांबवायचे ठरवले. त्या नावाने परत यायला दशक लागले. २०२० च्या जानेवारीत चेतक पुन्हा बाजारात आली, ती विजेवर चालणारी होऊन. २०२४ मध्ये लूनाही विजेवर परतली. म्हणजे आधी गाडी रांगेने ठरवली, नंतर अॅव्हरेजने, नंतर जाहिरातीतल्या चित्राने. आपला रस्ता विचारून गाडी घ्यावी, हे मात्र फारसे कुणी सांगितले नाही.

वसई-विरारचा रस्ता विचारायचा, तर आधी रेल्वेला विचारावे लागते. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत गाडी धावू लागली. १९३६ मध्ये विजेची लोकल विरारला पोचली. तेव्हापासून हा सगळा मुलूख रुळाला लटकलेला आहे. नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडी आहे. लोकल ती काही मिनिटांत ओलांडते, पण दुचाकीवाल्याला महामार्गाने, घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलावरून तीसएक किलोमीटरचा वळसा पडतो. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आणि गाडी बोटीत घालून पलीकडे नेता येऊ लागली. पण रोजच्या गर्दीचा भार अजून लोकलच वाहते. म्हणून आमच्याकडे दुचाकी ही बहुतेकांसाठी लोकलची धाकटी बहीण आहे. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. जिथे पूर्वी टांगा उभा असे, तिथे आता गाड्यांच्या रांगा उभ्या असतात.

मात्र गेल्या काही दशकांत दुसराही एक प्रवासी तयार झाला. तो लोकलला जातच नाही. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत त्याचे काम आहे, किंवा चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्त्याने तो भिवंडीच्या गोदामांत जातो. त्याच्या पुढे कंटेनर, मागे ट्रेलर आणि पावसाळ्यात खाली खड्डा किती खोल आहे हे न सांगणारे पाणी. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती बारा लाख बावीस हजार होती. त्यानंतर ती वाढलीच आहे आणि हा प्रवासीही वाढला आहे.

आता त्या गप्प मुलाकडे येऊ. बाबा रे, तू या दोघांपैकी कोण, हे आधी ठरव. स्टेशनला जाऊन गाडी ठेवणार असशील, रोजचे पाच-सात किलोमीटर असतील, तर शंभर-एकशेदहा सीसीची हलकी मोटरसायकल किंवा बिनगिअरची स्कूटर तुला पुष्कळ झाली. इमारतीत चार्जिंगची सोय असेल तर विजेची गाडीही चालेल. स्टेशनजवळच्या गर्दीत गाडी चालवावी कमी आणि ढकलावी जास्त लागते, म्हणून तिथे वजन महत्त्वाचे. बुलेट १९० किलोंच्या पुढे भरते आणि साधी शंभर सीसीची गाडी एकशेदहाच्या आसपास. हा फरक दुकानात कळत नाही, दोन गाड्यांच्या फटीतून गाडी मागे ओढताना कळतो.

पण कामणच्या रस्त्याने किंवा महामार्गाने रोज जाणार असशील, तर केवळ अॅव्हरेज बघून सगळ्यात हलकी गाडी घेऊ नकोस. मोठ्या चाकाची घे. सतरा-अठरा इंचांचे चाक ज्या खड्ड्यावरून निघून जाते, त्यात स्कूटरचे दहा-बारा इंचांचे चाक उतरते. पुढे डिस्क ब्रेक असावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला, की दोन्ही चाकांना लागतो. एबीएस जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही. ओल्या डांबरावर किंवा वाळू सांडलेल्या वळणावर नवा माणूस घाबरून ब्रेक आवळतो, तेव्हा याचा उपयोग होतो.

दुकानात गेलास की मित्रांना बाहेर चहाला पाठव. गाडीवर बस आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघ. गाडी मधल्या स्टँडवर चढव, उतरव. दहा पावले मागे ढकल. जमली तर ती तुझी. किंमत विचारताना रस्त्यावर येईपर्यंतची विचार, म्हणजे पासिंग आणि विमा धरून. हप्त्याचे पैसे मोजताना त्यातून हेल्मेटचे आधी बाजूला काढ, तेही आयएसआय शिक्क्याचे आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेआधी निदान तीस दिवस जावे लागतात. ते मोकळ्या मैदानात घालव, महामार्गावर नाही. पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करायला जाऊ नकोस. इंजिनात पाणी गेले असेल, तर दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ बुडाले तेव्हा दारातल्या गाड्यांचे काय झाले, ते इथल्या कुठल्याही मेकॅनिकला विचार.

हे सगळे जपून सांगावेसे वाटते, कारण आकडे गप्प बसू देत नाहीत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली शेकडा चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. त्यांतल्या कित्येकांच्या घरी कधीतरी असाच हार आणला गेला असेल, असेच पेढे वाटले गेले असतील.

आजोबांना दहा वर्षे थांबून एक गाडी मिळाली. ती त्यांनी इतकी जपली, की तिच्या प्रत्येक खडखडाटाचा अर्थ त्यांना कळे. नातवाला दहा मिनिटांत दहा गाड्या दिसतात. ही सुबत्ता चांगलीच आहे, रांगेचे दिवस परत यावेत असे कुणीही म्हणणार नाही. पण त्या दहांतली कोणती रोज संध्याकाळी आपल्याला सुखरूप घरी आणील, एवढे विचारायला दहा मिनिटे पुरत नाहीत. आठवडाभर थांबावे. आपल्या कामाच्या रस्त्याने एकदा पावसात मागे बसून जाऊन यावे. गाडी मग निवडावी.