तीन पट्ट्यांतील रंग

१९३९ साली प्रदर्शित झालेला ‘गॉन विथ द विंड’ हा चित्रपट टेक्निकलर पद्धतीने, म्हणजे भिंगामागील लोलकाने प्रकाश विभागून लाल, हिरव्या व निळ्या रंगांची नोंद तीन स्वतंत्र कृष्णधवल फिल्मपट्ट्यांवर घेणाऱ्या कॅमेऱ्याने, चित्रित झाला होता. पट्ट्या कृष्णधवल असल्यामुळेच ती नोंद रंगीत फिल्मप्रमाणे विटली नाही. १९६७ मध्ये मात्र ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी चित्र वाढवताना मूळ चौकटीचा वरचा व खालचा भाग छाटला गेला, आणि ही मोडतोड अक्षम्यच म्हटली पाहिजे. पुढे काळाच्या ओघात असमान आकसलेल्या त्या पट्ट्या संगणकात उतरवून परस्परांशी तंतोतंत जुळवण्यात आल्या, त्यामुळे २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत आकृत्यांच्या कडांवरील रंगीत झालर नाहीशी झाली.